लाल टू-सीटरची चाकं

गुडगावच्या आमच्या नव्या सोसायटीत तळमजल्यावर एक मराठी गृहस्थ राहायचे, मिनिस्ट्रीतून रिटायर झालेले. कुणी काहीही म्हटलं की मान डोलवून "बिल्कुल, बिल्कुल" म्हणायचे. त्यांच्याकडे एक जुनी, लाल, दोन सीटांची विलायती स्पोर्ट्‌स कार होती. तिची मूळ चाकं गंजली, तेव्हा नवी घ्यायचं ठरलं.

बाजारात तेव्हा नुकतीच अलॉय चाकं यायला लागली होती. मी म्हटलं, तीच घ्या, जमाना बदललाय.

"बिल्कुल."

वहिनींना मात्र जुन्या वळणाची, स्पोकची चाकं हवी होती. त्यांनाही "बिल्कुल" मिळालंच असणार.

महिन्याभरात माझ्या बाल्कनीतून गाडीची चकचकीत अलॉय दिसली. निवड आपली, हे मी जिन्यात भेटेल त्याला ऐकवत सुटलो. वहिनी भेटल्या की त्याही का कोण जाणे, जिंकल्यासारख्या हसायच्या.

एका रविवारी सहज गाडीला वळसा घातला. त्यांच्या स्वयंपाकघराकडच्या बाजूची दोन्ही चाकं स्पोकची होती.

"अहो, हे काय?"

"दोन्ही घेतली," स्पोक पुसता पुसता ते म्हणाले. "हिची डावी बाजू, तुमची उजवी. ही बसतेही डाव्या दारानेच. मिनिस्ट्रीत तीस वर्षं असंच निभावलं."

"पण हे काही बरोबर नाही."

"बिल्कुल," ते म्हणाले.

तेव्हापासून त्यांनी माझ्या बोलण्याला मान डोलावली, की मला त्यांच्या मागे जाऊन बघावंसं वाटतं.