शेवटच्या फाट्यापर्यंत

आकाराम पाटकरी रोज बाविसाव्या मैलाच्या दगडापासून माघारी वळायचा. एकतीस वर्षं त्याची हद्द तिथंच संपत होती. कराडच्या खालच्या अंगाचा पाच मैल कालवा, त्यावरचे सात फाटे आणि त्यांची लोखंडी दारं. पाण्याची पाळी सुरू झाली की दार उचलायचं, संपली की पाडायचं. नोकरी संपून दोन वर्षं झाली. बायको चंद्राबाई गेली. मुलगा विश्वजीत पलटणीबरोबर जम्मूला. तरी सकाळचं चालणं सुटलं नव्हतं. घरात बसून बोलणार कुणाशी?

पौषातल्या एका सकाळी तो दगडापाशी पोचला आणि वळलाच नाही. ठरवलं काहीच नव्हतं. पाय पुढं पडले, एवढंच.

कालव्याचा भराव सरळ, सपाट. दोन्ही अंगांना डोक्यावर गेलेला ऊस, त्यामुळं गावं दिसत नव्हती, नुसते आवाज यायचे. कुणी बैल हाकायचं, कुठं उसाची ट्रॅक्टरट्रॉली गाणी लावून जायची. आपल्या हद्दीत त्याला दहा जण हाक मारायचे. इथं धुणं धुणाऱ्या बायका मान वर करून बघायच्या आणि परत धुण्याला लागायच्या. दुपारी एका टपरीवर चहा घेताना त्याच्या ध्यानात आलं, सकाळपासून आपण एक शब्दही बोललो नाही.

दोन रात्री देवळात काढल्या. चालता चालता त्याची नजर सवयीनं पाण्यावर होती. त्याच्या हद्दीत कमरेएवढं असलेलं पाणी दुसऱ्या दिवशी गुडघ्याला आलं. तिसऱ्या दिवशी, तासगावच्या बाजूला, कालव्याच्या तळाला नुसता ओला चिखल राहिला. मग तोही संपला. भेगाळलेल्या मातीत शेळ्या चरत होत्या. पाळी तर चालू होती!

शेवटच्या फाट्याच्या दाराला गंज चढला होता. शेजारच्या वस्तीवरून एक म्हातारा आला. त्याचं नाव भूपाल.

"जयजिनेंद्र. कुठनं आलासा, पाव्हणं?"

"कराडकडनं. चालत."

"चालत? मग आधी जेवा. दिस मावळायच्या आत आमचं आटोपतंय."

सुनेनं, चंदनानं, भाकरी आणि दोडक्याची भाजी वाढली. आकारामनं विचारलं, "इथं पाणी कवा येतंय?"

"चार वर्सात दोनदा आलं," भूपाल म्हणाला. "वरची लोकं पाळी संपली तरी दारं पाडत न्हाईत. अर्ज लिवून बोटं झिजली. द्राक्षाची बाग हुती, काढून टाकली."

आकारामचा घास तोंडातच राहिला. 'ऱ्हाऊ दे रं आकाराम, आणि दोन तास,' असं ओळखीतलं कुणी म्हणालं की तो दार तसंच ठेवायचा. कधी पैसा घेतला नव्हता. नाही म्हणणं जीवावर यायचं, एवढंच. ते दोन तास कुठून येतात, याचा विचार त्यानं एकदाही केला नव्हता.

"त्यातला मी एक हाय," तो म्हणाला. "बाविसाव्या मैलापतूरची दारं माझ्याकडं हुती."

चंदना थबकली. भूपालनं आकारामच्या ताटाकडं बघितलं. मग म्हणाला, "भाकरी संपवा. ताटात टाकू नगासा." निरोप देताना मात्र त्यानं आकारामचा फोन नंबर मागून घेतला.

आकाराम एसटीनं घरी आला. पुढच्या पाळीला तो रोज फाट्याफाट्यावर जाऊन उभा राहू लागला. अधिकार कसलाच नव्हता. तो फक्त म्हणायचा, "वेळ झाली. दार पाडा." नवा पाटकरी लालासाहेब आधी हसला, मग चिडला, मग त्याच्यादेखत दार पाडू लागला. गाव मात्र फिरलं. ज्यांच्यासाठी त्यानं दारं उघडी ठेवली होती, तेच पारावर त्याला जागा देईनात. एका लग्नाचं आवतण आलं नाही. दादासो, त्याचा लहानपणचा जोडीदार, रस्ता बदलून जाऊ लागला.

माघात फोन वाजला.

"आकाराम, भूपाल बोलतोय. पाणी आलंय. घोट्याएवढं हाय. सांजंपतूर टिकंल का न्हाई, ठावं न्हाई."

"टिकवूया," आकाराम म्हणाला. फोन खिशात टाकून त्यानं चौफेर बघितलं. भरावावर चिटपाखरू नव्हतं. चौथ्या फाट्याचं दार पाडायची वेळ होत आली होती. तो चालायला लागला.