व्हेपमधली पिळलेली तार

ती घटना मनातून जायला तयार नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं बरंच विसरलो. पण अमेरिकेतल्या हर्नडन गावापासून वीस मिनिटांवरच्या एका अपार्टमेंटमध्ये भर दुपारी लागलेली ती लहानशी आग विसरता आलेली नाही.

मी अकरावीपर्यंत कोल्हापुरात शिकलो, मग वडिलांबरोबर व्हर्जिनियात आलो आणि पुढे इथल्याच पोलीस दलात तपास अधिकारी झालो. ठाण्यात मराठी समजणारा मी एकटाच. त्यामुळे आपल्या माणसांचं प्रकरण आलं की फाइल माझ्याच टेबलावर यायची. पक्षपाताचा आरोप नको म्हणून मी ती जरा जास्तच कडकपणे हाताळायचो. हा माझा दोष, तो आधीच कबूल करतो.

मृत मुलगा तेवीस वर्षांचा, सांगलीचा, इथे एम.एस. करत होता. पहाटेपर्यंत लॅबमध्ये काम करून दुपारी झोपला असताना गादी पेटली आणि खोली धुराने भरली. अग्निशमन दलाने दार तोडलं तोवर उशीर झाला होता. गादीवर अर्धवट वितळलेला व्हेप सापडला. व्हेप म्हणजे सिगारेटीऐवजी ओढायचं, बॅटरीवर चालणारं, मुठीत मावणारं यंत्र. त्याला चार्जरची वायर तशीच लावलेली होती. त्याच्याबरोबर राहणारा मित्र त्या वेळी वर्गात होता. दोघे पुण्यातल्या एकाच कॉलेजातून आलेले, हा मित्र इलेक्ट्रिकलचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. "तो इलेक्ट्रिकलवाला सगळ्यांच्या वस्तू उघडून बसतो. त्याची रूम चेक करा." वॉरंट घेऊन आम्ही झडती घेतली. वायरी डागून जोडायचं सोल्डरिंगचं साहित्य, मीटर, वायरींचे तुकडे आणि शेजारच्या काकूंचा भारतातून आणलेला, खोलून ठेवलेला मिक्सर, असा ऐवज मिळाला.

त्याला ठाण्यात आणलं, कॅमेरा चालू केला, हक्क वाचून दाखवले. वकील नको म्हणाला.

"व्हेप कुणाचा?" मी विचारलं.

"माझा, सर. आतली वायर तुटली होती, मीच रिपेअर केली. त्याच्या रूममध्ये चार्जिंगला पण मीच लावला."

"तो ओढायचा?"

"नाही, सर! तो तसा नव्हता. साधी सुपारीसुद्धा खात नव्हता."

इतका वेळ मान खाली घालून बोलणारा मुलगा या एका उत्तराला माझ्या डोळ्यांत बघून बोलला. मला ते दिसलं होतं, पण मी तिकडे दुर्लक्ष केलं. कबुली होती, हत्यारं होती. हातच्या कांकणाला आरसा कशाला? दुसऱ्याचा जीव जाईल इतका निष्काळजीपणा केल्याचा आरोप ठेवायचा, असं माझं ठरत आलं होतं. तो सिद्ध झाला असता तर तुरुंग आणि मग देशाबाहेर रवानगी. पोराचं आयुष्य तिथेच संपलं असतं.

जबाबावर सही करून त्याने विचारलं, "सर, आता झालं ना? उद्या माझी मिडटर्म परीक्षा आहे."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. आपल्याकडे बऱ्याच घरांत पोलिसांपुढचा जबाब असाच धरतात. चारचौघांत बरं दिसेल ते सांगायचं, सही करायची, अपघात म्हणून कागद बंद होतो. आपण स्वतःच्या गळ्यात फास अडकवतोय, हे त्या पोराच्या गावीही नव्हतं. गाव सोडून जाऊ नको असं बजावून मी त्याला घरी पाठवलं आणि प्रयोगशाळेच्या अहवालासाठी थांबलो.

अहवालात लिहिलं होतं की आतली वायर नुसती पिळून जोडलेली होती. सोल्डरचा अंशही नव्हता. बॅटरीवरचं आवरण आधीच फाटलेलं असावं, आणि उघडा जोड यंत्राच्या धातूला टेकला असावा. ज्याच्या टेबलावर सोल्डरिंगचं सगळं साहित्य आहे, तो वायर पिळून का सोडेल?

मी त्याला पुन्हा बोलावलं. या वेळी आग्रहाने वकील घ्यायला लावला. त्याच मॉडेलचा व्हेप आणून आमच्या तंत्रज्ञाकडून त्यातली वायर तोडून घेतली होती, बॅटरीचं आवरणही फाडून घेतलं होतं. तो समोर ठेवून म्हटलं, "कसा रिपेअर केलास ते दाखव."

त्याने स्क्रू काढले. पहिल्यांदा बॅटरी बाहेर काढून बाजूला ठेवली. मीटर लावून तुटलेली जागा शोधली. मग बॅटरी उचलून उजेडात फिरवून बघितली आणि सवयीने बोलून गेला, "सर, हे रिपेअर करू नका. कव्हर फाटलंय, शॉर्ट होईल. टाकून द्या."

आपण काय बोलून गेलो ते लक्षात येताच त्याने बॅटरी खाली ठेवली.

"त्यालाही हेच सांगितलं होतंस?" मी विचारलं.

"हो, काका." सरांचे काका कधी झाले ते त्याला कळलंही नसेल. "तो ऐकेना. मग मी भडकलो. म्हटलं, परत हे माझ्याकडे आणलंस तर तुझ्या आईला फोन करेन. त्यानंतर त्याने मला विचारलंच नाही."

"मग स्वतःवर का घेतलंस?"

"त्याच्या आईला वाटतं, आपला मुलगा कशाच्या वाटेला जात नाही. आता तेवढं तरी राहू दे ना, काका."

मृताच्या फोनमध्ये व्हेप खरेदी केल्याची नोंद आणि दुरुस्तीचा व्हिडिओ सापडला. व्हिडिओ आगीच्या आदल्या दिवशी तीनदा पाहिलेला होता; वायर त्याने स्वतःच पिळून जोडली होती. सरकारी वकिलांनी आरोप न ठेवण्याचा निर्णय दिला. निनावी फोन करणाऱ्याने सुतावरून स्वर्ग गाठला होता आणि आम्ही त्याच्या मागोमाग निघालो होतो. संन्याशाला फाशी द्यायचं थोडक्यात वाचलं. याची मला आजही लाज वाटते.

आठवड्याने मृत मुलाचे आईवडील सामान ताब्यात घ्यायला ठाण्यात आले. अहवालात खरं ते लिहिलेलं होतं, त्यामुळे सांगणं भागच होतं. मित्र म्हणाला, मी सांगतो. त्याने सगळं सांगितलं, आईच्या नावाने दिलेल्या धमकीसकट. वडील खिडकीकडे तोंड करून उभे होते. आई शेवटपर्यंत ऐकत होती.

मग ती म्हणाली, "मला फोन करणार होतास ना? मग का नाही रे केलास? रागावले असते मी त्याला. दोन दिवस बोलले नसते. इतकंच झालं असतं."

आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकवलं नाही. मित्राने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने त्याला उठवून जवळ घेतलं. पोलिसाने लोकांसमोर रडायचं नसतं, म्हणून मी आडोशाला जाऊन रडलो.

कबुली मिळाली म्हणजे सत्य मिळालं असं नाही, हे या प्रकरणाने शिकवलं. हे कुठलाही पोलीस सांगेल. मला खरं लागलं ते वेगळंच. ठाण्यात आणि बाहेर, गणपतीच्या मंडपात सिगारेट लपवणाऱ्या पोरांना मी शेकडो वेळा दम भरलाय, "घरी सांगू का?" पोरं गप्प व्हायची आणि मला वाटायचं, सुधारली. प्रत्यक्षात त्यांच्या अडचणीच्या वेळी विचारायला असलेला एक माणूस मी कमी करत होतो. त्या बाईचं बोलणं ऐकल्यापासून तो दम मी कुणालाही दिलेला नाही.