नाक्यावरचं कालवण

सबंध मोगलाईत माशाच्या कालवणापायी बारा महिने संतापलेला असा एकच सरकारी नोकर होता, आणि त्याच्या ओसरीला लागून असलेली खोली नेमकी माझ्या वाट्याला आली. चकलांब्याच्या पलीकडे, इंग्रजी हद्दीला टेकलेल्या एका गावात मी तेव्हा शाळामास्तर होतो. गावाच्या तोंडाशी करोडगिरीचा नाका होता. इंग्रजी मुलखातून येणाऱ्या मालावर तिथे निजामसरकारची जकात घेत. त्या नाक्याचे जमादार हे माझे शेजारी. उंच, काटकुळे, मिशांना पीळ देऊन देऊन बोटांच्या टोकांना घट्टे पडलेले. बायको तरुणपणीच वारलेली, मूलबाळ नाही, त्यामुळे चूल आणि संताप या दोन्ही गोष्टी त्यांना स्वतःच पेटवाव्या लागत, आणि दोन्ही त्यांच्या चटकन पेटत.

बाजारच्या दिवशी नाक्यावर श्वास घ्यायला उसंत नसे. गाड्यांची रांग पार ओढ्यापर्यंत जाई, बैल एकमेकांना शिंगं लावत, व्यापारी हुज्जत घालत, आणि जमादार एकेक गाडी तपासत घसा बसेपर्यंत ओरडत असत. दिवस मावळला की बाकीचे शिपाई कालची भाकरी चटणीशी खाऊन आडवे होत. जमादार मात्र पट्टा आणि पागोटं खुंटीला अडकवून थेट चुलीपुढे उकिडवे बसत. गोदावरीकडून एक भोईण बाजारला मासे घेऊन येई. ती आपली टोपली आधी जमादारांपुढे उघडी करी, मग गावापुढे. त्यातली मरळ ते निवडत, कधी वांब. कांदे विस्तवात ढकलायचे, ते भाजेतो पाट्यावर मिरची न् लसूण रगडायचा, गाडग्यात करडीचं तेल तापलं की सगळं त्यात लोटायचं. दाटपणासाठी येसूर, म्हणजे उन्हाळ्यात धान्य न् मसाले भाजून दळून ठेवलेलं पीठ, मूठभर. चिंचेचं पाणी, एक उकळी, मग मासा, आणि मासा पडला की गाडगं उतरवायची घाई. दुसऱ्यांच्या चुलीवर कालवण होत असे. जमादार ते तडीला लावत.

ज्याला वेळ लागतो ते जेवण नव्हेच, असं त्यांचं ठाम मत होतं. एकदा पाटलीणबाईंनी निरोप धाडला की मासा हळदमीठ लावून घटकाभर ठेवावा, खोबरं गंधासारखं वाटावं, आणि मंद आचेवर सावकाश शिजू द्यावं. हा निरोप जमादारांना फौजदारी गुन्ह्यासारखा लागला. पाटलांच्या घरी जाऊन बोलणं शक्य नव्हतं, म्हणून ते पारावर जाऊन बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत राहिले, "मासा मेला तवाच त्याचं भोगून झालं. आता त्याला चुलीवर छळायचा कावून? त्यानं काय जकात चुकिवली का?"

माझा स्वतःचा संतापही काही कमी नव्हता. माझं जेवण त्यांनी मला न विचारता आपल्याकडे लावून घेतलं होतं. कालवण असं तिखट की पहिल्या घासाला कानातून वाफ निघावी. त्यावर पाणी प्यालं तर त्यांचा अपमान होई, नाक पुसलं तरी ते रोखून बघत. एकदा मी धीर करून म्हणालो, "जमादार, मिरची किंचित कमी चालली असती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा बाजार येईपर्यंत माझ्याशी अबोला धरला. माझ्यासाठीचं बोलणं ते दारातल्या कुत्र्याला सांगत आणि मी ते ऐकून घेई. चवीचं विचाराल तर तसं कालवण मी जन्मात दुसरीकडे खाल्लेलं नाही. पण ते त्यांना सांगायची सोय नव्हती, कारण चांगलं झालंय का, असं त्यांनी कधी विचारलंच नाही. सूर्य उगवला का, असं कोणी विचारतं का?

अशाच एका बाजारच्या संध्याकाळी करोडगिरीचे मोहतमीमसाहेब, म्हणजे जमादारांच्या खात्यातले बडे अंमलदार, दौऱ्यावर आले. त्यांचा बावर्ची मागून भांड्यांच्या गाडीतून येत होता. ती गाडी ओढ्यात रुतून बसली. साहेब भुकेलेले, नाक्यावर गाड्यांचा गोंधळ, आणि जमादारांच्या गाडग्याचा वास सगळीकडे दरवळलेला. साहेबांनी ते कालवणच मागितलं, जमादारांनी वाढलं. साहेब जेवले. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते दस्तीने टिपत त्यांनी पुन्हा ताट पुढे केलं. जमादार दाराशी अदबीने उभे होते, पण मिशा हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी खुशीत हुकूम सोडला की जमादारांनी नाका दुसऱ्याच्या हवाली करावा आणि त्यांच्याबरोबर बंगल्यावर यावं. पगार तोच, काम बावर्चीखान्याचं. आज संध्याकाळी इथे पुन्हा तेच कालवण, आणि उद्या कूच.

गावाला वाटलं, जमादारांचं नशीब उघडलं. लोक हातावर साखर ठेवायला आले. जमादार माझ्या खोलीत येऊन भिंतीला टेकून बसले. इतका शांत संताप मी त्यांच्या ठायी कधी पाहिला नव्हता.

"मास्तर, इतकी वर्सं ह्यो पट्टा बांधला," ते म्हणाले. "आजवर एक गाडी चोरून जाऊ दिली न्हाई. त्ये कुणी बगितलं न्हाई. आन् एका वाडग्यावर मला आचारी केला."

मलाही चीड आली. मी म्हणालो, "साहेबांना सांगा ना, नाही येत म्हणून."

"हुकमाला न्हाई म्हंता येत न्हाई. हुकूमच फिरला पायजे."

ते कसा फिरवणार होते हे मला संध्याकाळी कळलं. भोईणीच्या दोन मरळी त्यांनी पाण्याच्या घागरीत जित्या ठेवल्या होत्या. त्या त्यांनी नेहमीसारख्या साफ केल्या, मसाला नेहमीसारखा रगडला, गाडगं चढवलं. मासा पडला, उकळी आली, आणि जमादार गाडग्याकडे पाठ करून बसले. रस्सा खदखदू लागला. मी म्हणालो, "जमादार, उतरवा." ते हलले नाहीत. आटलेल्या रश्शाचा वास यायला लागला, तसा मी स्वतःच फडकं घेऊन पुढे झालो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"मास्तर, गप बसा," ते म्हणाले. "मला काय दिसंना व्हय? पाठीला समदं ऐकू येतंय."

माशाचा लगदा झाला, मसाला तळाला धरला. ते ताट जमादारांनी स्वतः साहेबांपुढे नेऊन ठेवलं. साहेबांनी एक घास घेतला, दुसरा घेतला नाही. "कल किस्मत थी, और क्या," ते बावर्चीकडे बघून म्हणाले, आणि तो बावर्ची, ज्याची भाकरी कालपासून धोक्यात होती, तोंडाला पदर लावल्यासारखा उपरणं लावून हसला. सारे शिपाई हसले. दारात जमलेली गावची मंडळीही हसली. जमादार मान खाली घालून उभे राहिले. खरं काय ते ओरडून सांगावं असं मला इतकं वाटलं की दात आवळून मी जागच्या जागी उभा राहिलो. सांगितलं असतं तर हुकूमउदूलीत, म्हणजे हुकूम मोडल्याबद्दल, जमादारांची नोकरीच गेली असती.

सकाळी साहेब बावर्चीला घेऊन गेले. पट्टा जमादारांच्या कमरेला राहिला. बायका पाणवठ्यावर म्हणू लागल्या, "जमादारांच्या हाताला आता पयल्यासारखी चव राह्यली न्हाई." पाटलीणबाईंनी मंद आचेचा निरोप पुन्हा धाडला. या वेळी जमादार पारावर गेले नाहीत.

पुढच्या बाजारी पुन्हा गाड्यांची रांग लागली, दिवस मावळला, जमादारांनी चूल पेटवली. तोच वास, तीच घाई, गाडगं वेळेवर उतरलं. मी पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून धारा लागल्या. कालवण होतं तसंच होतं, तसूभरही उणं नव्हतं. जमादार माझ्यासमोर बसले होते, पण त्यांनी अजून स्वतःचं वाढून घेतलं नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "बरं झालंय का?"

मी म्हणालो, "जमादार, असं कालवण दुसरीकडे कुठंच नाही."

त्यांनी मान हलवली, पण मनातून त्यांना ते पटलं नसावं. त्या गावात मी होतो तोवर दर बाजारी, मी घास घेतला की ते विचारत राहिले, आणि दर वेळी मी तेच उत्तर देत राहिलो.