पूजेतला पट्टा

खंडेनवमीला झेंडूचा वास आला, की माझी नजर आपोआप छपराकडे जाते.

अक्कलकोट रोडला माझा टॉवेलचा कारखाना आहे. त्या दिवशी माग बंद, म्हणून छपराची डागडुजी मी तेव्हाच काढायचो. बावीस वर्षांपूर्वीही तसंच झालं. आमचा जुना फिटर मल्लप्पा, त्यानंच सकाळी पाने-पकडी पाटावर मांडल्या. शेजारी उंचावर चढताना बांधायचा नवाकोरा पट्टा ठेवला आणि त्याच्या बकलाला हळदीकुंकू लावलं.

मग शिडीला हात घालून म्हणाला, "मालक, तेवढा पट्टा घिऊ का? वरचा पत्रा लई जुना हाय."

"पूजेतलं उद्यापर्यंत हलवत नाहीत रे."

"व्हय, ते बी खरंच की," म्हणून तो हसला आणि वर चढला. काम दोन दिवस पुढं ढकललं असतं, तर त्या कामापुरते माग पुन्हा बंद ठेवावे लागले असते. एवढंच.

सिमेंटचा पत्रा मोडला, तो आवाज पापड मोडल्याइतका बारीक होता. माग बंद होते म्हणून ऐकू आला. त्याच्यामागून आलेला दुसरा आवाजही.

मल्लप्पा जागीच गेला.

दुपारी चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "सेफ्टी बेल्ट होता का?"

"आहे ना, साहेब." मी पाटाकडे बोट दाखवलं.

झेंडूची माळ बाजूला सारून त्यांनी पट्टा उचलला. पूजेतलं हलवू नका, असं मी त्यांना म्हणालो नाही.