छपरावर काळी माती

लालासाहेब भोईटे सैन्यातून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले. गावाने त्यातला 'नायब' पहिल्याच आठवड्यात गाळला आणि त्यांनीही तो पुन्हा मागितला नाही. लोणंदहून शिरवळकडे जाणाऱ्या रस्त्याला, टेकडीच्या पायथ्याशी आमचे गाव आहे. माझे यजमान तिथे डॉक्टर होते. ते गेल्यावरही मी तिथेच राहिले. सुभेदारांनी घर बांधले ते माझ्या घराला लागूनच. दोन घरांच्या मधे फक्त धुणे वाळत घालायची तार होती.

ते घर खरे तर त्यांच्या बायकोचे, चंद्राबाईंचे. नवरा सरहद्दीवर होता तेवढी सगळी वर्षे त्यांनी दिरांच्या घरात, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत काढली. वर उसाच्या पाचटाचे छप्पर होते. पावसाळ्यात त्या अंथरूण घेऊन या भिंतीकडून त्या भिंतीकडे जात. नवरा कायमचा घरी आल्यावर त्याने विचारले, तुला काय पाहिजे? त्यांनी उत्तर तयार ठेवले होते. "माझं सोताचं छप्पर. कौलाचं. आनि चुलीवर एक काचंचं कौल, उजेडाला."

त्याप्रमाणे तीन खोल्या झाल्या, वर मंगलोरी कौले आली आणि चुलीच्या वर एक काचेचे कौल बसले. त्यातून उन्हाचा एक चौकोन खाली पडे. चंद्राबाई परात त्या चौकोनात ठेवून भाकऱ्या थापत. चौकोन सरकला की परात सरकवत. इतकी सुखी बाई मी फार पाहिलेली नाही, पण तसे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही.

दुष्काळ सरल्यावर टेकडीवर खडीची खाण सुरू झाली. रोज दुपारी तिथला माणूस लोखंडी रुळाचा तुकडा बडवून "बार हाय, बाऽऽर!" असे ओरडे. मग सुरुंग उडे. आरोळी झाली की सगळ्यांनी घरात जायचे, असा गावाचा नियम होता. दगड घरांवरच पडत, पण नियम पाळला जाई. एकटे सुभेदार घरातून बाहेर येत. येणारी वस्तू कुठून येते ते आधी पाहावे, असे त्यांना सैन्यात शिकवले होते.

एके दिवशी नारळाएवढा एक दगड मधल्या खोलीचे कौल फोडून ज्वारीच्या कणगीत पडला. चंद्राबाईंनी तो उचलला आणि अंगणात नवऱ्यापुढे आणून ठेवला.

"ह्यो आला."

"कुठनं?"

"वरनं."

सुभेदार दगड घेऊन टेकडीवर गेले. सुरुंगाला वात लावणारा मुकादम सिद्धू हा पूर्वेकडच्या दुष्काळी भागातला. पूर्वी मेंढरे राखायचा, ती दुष्काळात गेली, तेव्हा इकडे आला. त्या दोघांचे बोलणे त्यानेच मला पुढे सांगितले.

"मुकादम, तुमचा माल आमच्या घरात येतोय."

"आवं सुभेदार, म्या निस्ती वात लावतो. फुडं कुठं जायाचं ते दगूड ठरवतंय."

"आमच्याकडं तोफंचा गोळा कुठं पडनार ते आदी सांगत हुते."

"मग तोफ आना की. माझ्याकडं पहार हाय."

खाण बंद करा असे गावात कोणीच म्हणणार नव्हते. दुष्काळानंतर तेवढेच काम होते, आणि सुभेदारांच्या सख्ख्या भावाच्या बैलगाड्या खडी वाहत होत्या. तेव्हा सुभेदारांनी छपराचे संरक्षण स्वतःच्या हाती घेतले. सैन्यात ज्याच्यावर काही पडण्याची शक्यता असते त्याच्यावर वाळूची पोती रचतात. सुभेदारांनी आपल्या कौलांवर तीच रचायची ठरवली.

रिकामी पोती सांगलीहून आली. चंद्राबाईंचा भाऊ बाळासो तिथे हळदीच्या पेठेत अडत्याकडे कामाला होता. वाळू मात्र मिळेना. सिद्धूने खाणीतला मुरूम फुकट न्या म्हणून सांगितले. सुभेदारांनी त्यातला मूठभर हातात घेतला, चुरला आणि टाकून दिला.

"यात काय उगवतंय?"

"छपरावर काय उगवायचं हाय तुमाला?" सिद्धू म्हणाला.

शेतकऱ्याच्या घरी माती आणायची तर ती चांगली आणायची, एवढे सुभेदारांना ठाऊक होते. बंदुकीच्या नोकरीतही ते विसरले नव्हते. त्यांनी विहिरीजवळच्या मळ्यातली काळी माती काढली, ज्या तुकड्यावरून भाऊ-भाऊ भांडत असत त्याच तुकड्यातली. पोती भरून दोन-दोन एकमेकांना बांधली आणि बैलावर गोणी टाकतात तशी आढ्यावरून दोन्ही अंगांना सोडली. खालच्या ओळी दोरांनी वरच्या ओळींना बांधल्या. काम इतके नेटके झाले की लोणंदच्या बाजाराला जाणारे लोक वाट वाकडी करून पाहून जात.

चंद्राबाईंनी बाहेरून पाहिले. मग त्या आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या.

"काचंवर पन पोतं टाकलंय?"

"तिथंच तर पैलं टाकलं. सगळ्यात कच्ची जागा ती."

"मला चूल दिसंना."

"चूल हाय तिथंच हाय."

आमच्या पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगत, नवरा-बायकोच्या बोलण्यात तिसऱ्याने पडू नये. मी पडले नाही. तारेवरचे कपडे मात्र त्या दिवशी मला जरा सावकाश काढावे लागले.

पंधरवडाभर चंद्राबाईंनी भर दुपारी कंदील लावून स्वयंपाक केला. एका हातात कंदील असल्यामुळे भाकरी एका हाताने थापावी लागे आणि ती तशी होत नाही. शेवटी त्यांनी गाठोडे बांधले.

"मी बाळासोकडं जाते सांगलीला. काच उघडी झाली की निरोप धाडा."

"आगं, काच उघडी केली की फुटंल."

"फुटली तर फुटू दे. अंधारातच राहायचं हुतं तर दिराचं घर काय वाईट हुतं?"

एस.टी.ने त्या लोणंदला गेल्या आणि तिथून गाडीने सांगलीला. जिच्यासाठी छप्पर बांधले ती बाई त्याखालून गेली आणि सुभेदार आपल्या सुरक्षित घरात एकटे राहिले.

पोती आपले काम चोख करीत होती. बार झाला की 'धप्' असा आवाज येई. मग तारेपलीकडून सुभेदार मला सांगत, "आज दोन आलं. दोन्ही अडवलं." त्यानंतर थोडे थांबून विचारत, "सांगलीचं काय पत्र?" सांगलीला पाठवायची कार्डे ते माझ्याकडून लिहून घेत, कारण त्यांना वरिष्ठांना अहवाल लिहायची सवय होती आणि बायकोला काय लिहायचे ते सुचत नव्हते. मीही वेगळे काही सुचवू शकले नाही. आमचे कार्ड असे: 'छप्पर सुरक्षित. एकही कौल फुटलेले नाही. कळावे.' बाळासोच्या हातचे उत्तर आले. नमस्काराखाली एकच शब्द होता: 'काच?'

मे महिन्यात उगवतीकडून वळवाचे वादळ आले. आधी धूळ आली, मग खाणीवरच्या खोपट्यांचे पत्रे आले. एक पत्रा माझ्या अंगणात उभाच्या उभा रुतला. शाळेची अर्धी कौले ओढ्यात गेली. माझ्या अंगणातल्या कडुलिंबाची मोठी फांदी मोडून सुभेदारांच्या छपरावर पडली, पोत्यांवरून घरंगळली आणि खाली आली. सुभेदार सगळा वेळ अंगणात उभे होते. त्यांचे छप्पर तसूभरही हलले नाही. वारा पडल्यावर त्यांनी टोपी झटकली आणि म्हणाले, "बाई, कार्ड लिवा."

आम्ही वादळाचे सविस्तर लिहिले. उत्तर आले: 'वादळाचे वाचले. काच?'

वादळामागून पाऊस आला आणि चांगला लागून राहिला. काळ्या मातीला पाणी मिळाले की ती फुगते. मळ्यात तिने तसे केले की सुभेदारांना आनंद होई. छपरावरही तिने तेच केले. पोती टम्म फुगली आणि शिवणी उसवल्या. पोत्यांतली जुनी हळद पाण्याबरोबर भिंतींवरून उतरली, आणि पांढऱ्या भिंती पिवळ्या झाल्या. येणारे-जाणारे विचारू लागले, "सुभेदार, कुनाची हळद हाय?" सुभेदार म्हणत, "कुनाची न्हाई."

मग छप्पर हिरवे झाले. आधी हरळी, मग तांदुळजा, आणि आढ्याजवळ जोंधळ्याची चांगली जोमदार ताटे. माती खरोखरच उत्तम होती. घराची मागची वळचण टेकडीच्या उताराला जवळजवळ टेकलेली असल्यामुळे, खालच्या आळीतल्या अंबूबाईच्या शेळ्यांना वर जायला काहीच अडचण पडली नाही. माझ्या रोजनिशीत त्या दिवशीची नोंद आहे: 'शेळ्या. शेजारच्या छपरावर. दुपारपर्यंत.'

दगडांनी न फुटलेली कौले शेळ्यांच्या खुरांनी फुटू लागली. सुभेदार काठी घेऊन वर चढले, त्यांच्या पायांखाली आणखी फुटली.

"अंबूबाई, तुमची जनावरं आवरा!"

"आवं सुभेदार, तुमीच पिकवलंय आनि माझ्या शेळ्यांना बोल लावता व्हय? कुंपान घाला की मग वावराला!"

ओझ्याने वासे वाकले. सुभेदारांनी आतून टेकू दिले. आणखी वाकले, आणखी टेकू दिले. शेवटी मधल्या खोलीतून जायचे तर अंग तिरके करून जावे लागे. या सगळ्याचे कार्ड लिहायला ते माझ्याकडे आले नाहीत.

पण सांगलीच्या पेठेत आमच्याकडचे ट्रकवाले जात असत. त्यांच्यातल्या एकाने बाळासोला सांगितले, "तुमच्या दाजींच्या छपरावर जोंधळा आलाय, लय झ्याक." दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्राबाई एस.टी.तून उतरल्या. अंगणात उभ्या राहून त्यांनी वर पाहिले. एक शेळी खाली पाहत होती.

"ह्ये काय?"

"छप्पर," सुभेदार म्हणाले.

"त्येच्यावर?"

"जोंधळा."

"पेरला?"

"न्हाई. आला."

त्यांनी दारातून आत डोकावले. "आनि ह्ये वासं कसलं हुबं केल्यात?"

"टेकू हायती."

"मानसानं कुठं बसायचं?"

सुभेदारांनी आत एकदा पाहिले. तशी जागा त्यांनाही दिसली नाही.

"दिराच्या घरात गळत हुतं," चंद्राबाई म्हणाल्या, "पर छप्पर डोस्क्यात पडंल आसं कवा वाटलं न्हाई. मी जाते माघारी. आता येनार न्हाई."

दुपारच्या एस.टी.ला वेळ होता म्हणून त्या माझ्या ओसरीवर येऊन बसल्या. गाठोडे मांडीवर होते. मी चहा केला. तो त्यांनी आपल्या घराकडे पाठ करून घेतला. सुभेदार बराच वेळ तारेपाशी उभे होते. मग ते गेले, विळा घेऊन आले आणि शिडी लावली. थोड्या वेळाने एक दोर तुटल्याचा आवाज आला, आणि पोते अंगणात पडले. माझ्या कपाटातल्या बश्या वाजल्या.

चंद्राबाई वळल्या नाहीत. बशीत चहा ओतता ओतता त्या मोठ्याने म्हणाल्या, "काचंवरचं आदी."

मग सुभेदार आढ्यावरून सरकत चुलीच्या बाजूला गेले. दुसरे पोते पडले, तिसरे पडले. आजूबाजूची कौले शेळ्यांनी फोडली होती, काच मात्र शाबूत निघाली. सुभेदारांनी ती धोतराच्या सोग्याने पुसली. कुणी त्यांना तसे सांगितले नव्हते.

चंद्राबाई उठल्या, आपल्या घरात गेल्या आणि टेकूंमधून वाट काढत चुलीपर्यंत पोचल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. एस.टी. आली, हॉर्न वाजवून गेली. मग आतून आवाज आला, "परात कुठं ठिवलीया?" सुभेदार छपरावरून म्हणाले, "कनगीवर हाय." आणि पुढचे पोते कापायला लागले.

माती पाट्यांनी पुन्हा मळ्यात गेली. भावाने ती मोजून घेतली. फुटलेली कौले बदलली, वासे बदलले. भिंती दिवाळीच्या चुन्यापर्यंत पिवळ्याच राहिल्या.

पावसाळ्यात खाणीच्या खड्ड्यात पाणी भरते, म्हणून खाण बंद असते. ही गोष्ट सुभेदारांनी आधी कुणाला विचारली नव्हती. पाऊस सरल्यावर पुन्हा बार सुरू झाले, आणि आता छपराचे काय, हा प्रश्न पुन्हा आला. चंद्राबाईंनी सांगून टाकले की बाकीची कौले फुटली तर बदलता येतील, दोन-चार जास्तीची आणून ठेवा, आणि काचेचे तुमचे तुम्ही बघा.

सुभेदारांनी ते बघितले. खाण चालू होती तितकी वर्षे मी त्यांचा क्रम पाहत होते. टेकडीवर रूळ वाजला की गाव घरात जाई आणि सुभेदार शिडी चढत. बरोबर एक लोखंडी घमेले असे. ते काचेवर पालथे घालत आणि वाऱ्याने सरकू नये म्हणून वरच्या पायरीवर उभे राहून हाताने दाबून धरत. बार झाला, दगड पडायचे ते पडून गेले, की घमेले उचलून खाली उतरत. तुम्हीही आत थांबत जा, असे मी एकदा सांगून पाहिले. ते म्हणाले, "आत थांबलो तर घमेलं कोन धरनार?"

एका हिवाळ्यात दगड नेमका घमेल्यावर बसला. आवाज एवढा मोठा झाला की शाळा सुटली समजून पोरे बाहेर आली. मी धावत तारेपाशी गेले. सुभेदार शिडीवर होते, टोपी उडाली होती, घमेल्याला वीतभर पोचा पडला होता, आणि दोन्ही हात त्यावर तसेच होते.

आतून चंद्राबाईंनी विचारले, "आवं, कशाला लागला?"

"घमेल्याला."

"मग काडा की आता. भाकरी करपाय लागली, दिसंना मला."

"काडतो," सुभेदार म्हणाले आणि त्यांनी घमेले उचलले.