साळव्यांचा फोरमन आणि निगडीची टेकडी

कुत्रा पाळला साळव्यांनी, पण त्याचे किस्से साचले माझ्याकडे. इलाज नव्हता. त्यांच्या आणि आमच्या खोलीमध्ये एकच भिंत, तीही एका विटेची. पलीकडे भांडं पडलं तरी मला कळायचं की पातेलं होतं की तांब्या. लोक मला चौकस म्हणतात. म्हणोत. भिंत मी बांधली नव्हती.

साळवी म्हणजे कंपनीतले जुने टर्नर. एकदा लेथच्या मशीनवर लोखंड कातत असतानाच छातीत कळ आली. जीव वाचला, पण कंपनीच्या डॉक्टरांनी त्यांना लाइट ड्यूटीवर टाकलं. जनरल शिफ्ट, म्हणजे उन्हं वर आल्यावर जायचं, टूल-रूमच्या खिडकीत बसायचं आणि पोरांना हत्यारं काढून द्यायची. साळव्यांना ते मरणाहून वाईट वाटायचं. "तिकिटं विकायला बसवलंय मला," म्हणायचे. परत लेथ कधी, असं विचारलं की डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं: रोज निगडीची टेकडी चढा, वजन उतरवा, मग बघू.

साळवी रोज निघायचे खरे, पण रेल्वेच्या फाटकापर्यंत जाऊन कुणाशी तरी गप्पा मारून परत यायचे. शेवटी डॉक्टर म्हणाले, कुत्रा पाळा, तो तुम्हाला ओढून नेईल.

कासारवाडीला रशीदभाईंचं गॅरेज होतं. तिथे एक तांबूस, लांब कानांचा कुत्रा टायर कुरतडत बसलेला असायचा. साळव्यांनी भीत भीत विचारलं, देता का? रशीदभाईंनी साखळी तर दिलीच, वर साळव्यांना चहा पाजला आणि रिक्षाचे पैसेही दिले.

तेव्हाच ओळखायला हवं होतं.

* * *

पहिल्याच दिवशी सकाळी सुमनताईंचा, म्हणजे साळव्यांच्या बायकोचा, आवाज आला. मी धावत गेले तर दारात कुत्रा एकटाच, गळ्यात साखळी, जीभ बाहेर. साळव्यांचा पत्ता नाही.

सुमनताई मटकन खाली बसल्या. चढताना पुन्हा कळ आली असणार, दुसरं काय? मी अख्खी कॉलनी उठवली. चार जणांनी खाट उचलली, एकाने सायकल डॉक्टरांकडे पिटाळली, आणि आम्ही सगळे निगडीकडे पळत सुटलो. सुमनताईंच्या पायात चप्पलसुद्धा नव्हती.

टेकडीच्या पायथ्याला साळवी दगडावर बसून पेरू खात होते. खाट घेऊन येणारी माणसं पाहून ते आदराने उठून उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच मला विचारलं, "कोण गेलं, वहिनी?"

* * *

कुत्र्याचं नाव त्यांनी फोरमन ठेवलं. म्हणे, खऱ्या फोरमनने मला कधी एवढं पळवलं नाही. आता, खरे फोरमन आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायचे. मी शंभरदा सांगितलं, नाव बदला, परत लेथवर जायचंय ना तुम्हाला? पण ऐकतील तर साळवी कसले.

दिवसभर जिन्यात आरडाओरडा. फोरमन, तोंड आवर. फोरमन, त्या बाईच्या अंगावर जाऊ नकोस. मला तर ऐकूनच घाम फुटायचा.

एकदा पाणी भरताना खरे फोरमन नळावर भेटले. मी मान खाली घालून हंडा उचलला, तर तेच म्हणाले, "कमलताई, साळव्यांना एवढंच विचारा, त्याला ओव्हरटाइम तरी देतात का?"

* * *

टेकडीच्या पलीकडे, देहूरोडच्या बाजूला, लष्कराची हद्द. तारेचं कुंपण, पाटी, पहारा. एकदा फोरमनला एक मुंगूस दिसलं आणि तो तारेखालून थेट आत.

पलीकडून बंदूकवाला जवान आला. "कुत्ता किसका है?" हे मला साळव्यांनीच नंतर सांगितलं. त्यांनी चटकन साखळी पाठीमागे लपवली आणि म्हणाले, मालूम नहीं, हमारा नहीं है.

जवानाने खिशातून बिस्किट काढून फोरमनला दिलं, त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाला, "अच्छा है. हम रख लेते हैं."

मग साळव्यांनी तिथेच तासभर गयावया केली, तेव्हा कुठे कुत्रा सुटला. तोवर जवानाचं एकच म्हणणं: खोटं आधी बोललात की आत्ता बोलताय?

* * *

पहाटे फर्स्ट शिफ्टचा भोंगा झाला की फोरमन त्याच्या सुरात सूर मिसळायचा आणि टेकडीकडे निघेपर्यंत थांबायचा नाही. आमचे हे थर्ड शिफ्ट करून यायचे आणि जरा पाठ टेकवायचे, तरी ह्याचं चालूच. एकदा साळवी तापाने फणफणले होते, सुमनताई त्यांच्या उशाशी. करते काय? पदर खोचला, साखळी धरली आणि निघाले.

कुत्रा चालत नाही, ओढतो. वाटेत मी दोनदा पडले, कोपर सोलपटलं, साडी कुसळांनी भरली. वर झाडांची रोपं राखणारा गावातला एक म्हातारा बसलेला असायचा. त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि कळवळून म्हणाला, "बाई, तुमाला बी हार्टचं हाय व्हय?"

* * *

असं वर्षभर चाललं. साळव्यांचं वजन उतरलं, पट्ट्याला नवी भोकं पडली. दर आठवड्याला डॉक्टरांकडे जाऊन तोच हट्ट: साहेब, आता मला सगळं झेपतं, लेथ द्या. लेथवर दुसरा माणूस उभा असतो हे त्यांना सहन होत नव्हतं. कंटाळून डॉक्टर म्हणाले, रविवारी मी स्वतः तुमच्याबरोबर चढतो. वर जाऊन खाली येईपर्यंत नाडी ठीक राहिली, तर फिट असल्याचं सर्टिफिकेट देतो.

रविवारी डॉक्टर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून हजर. सुमनताई गेल्या. मीही गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं.

साळवी कुठेही न थांबता चढले. माथ्यावर डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान डोलावली. सुमनताईंनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. आता फक्त उतरायचं होतं.

आणि अर्ध्या उतरणीवर फोरमनच्या पायात बाभळीचा काटा गेला. आत मोडला. तो तीन पायांवर उभा राहून रडायला लागला. साळव्यांनी मागचापुढचा विचार न करता त्याला उचलला आणि धनगर कोकरू घेतात तसा मानेमागे टाकला.

"साळवी, खाली ठेवा त्याला. वजन उचलायचं नाही." डॉक्टरांचा आवाज चढला होता.

"हो साहेब," साळवी म्हणाले आणि चालत राहिले.

सुमनताईंनी डोळेच मिटून घेतले. वर्षभराची मेहनत त्या कुत्र्याबरोबर खांद्यावर लटकत चालली होती. मी म्हटलं, भावजी, माझ्याकडे द्या. ते म्हणाले, तुम्ही पडता, वहिनी.

पायथ्याशी डॉक्टरांनी मनगट धरलं. कुत्रा तसाच मानेवर, डॉक्टरांच्या घड्याळाचा वास घेत. त्यांनी नाडी मोजली. पुन्हा मोजली. मग हात सोडला.

"फिट आहात. उद्यापासून लेथवर. फर्स्ट शिफ्ट, पहाटेच्या भोंग्याला हजर."

सुमनताईंनी तिथेच हात जोडले. साळव्यांनी मात्र फोरमनला मानेवर जरा नीट सरकवलं, घसा खाकरला आणि म्हणाले,

"साहेब, फर्स्ट शिफ्ट तेवढी झेपायची नाही, असं लिहून द्याल का?"