खाचेतला कागदाचा बोळा

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढंही नाही, आणि आमच्या घरात तर पिढ्यान्‌पिढ्या देवाचीच चाकरी. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. "अगं, लहान होतीस तेव्हा" असं म्हणून तुम्ही माझी सुटका करणार नाही.

गोष्ट एका कार्टूनची आहे. हसू नका. मी पंचेचाळिशीची बाई, हिंगोलीला एका कार्यालयात आवक-जावकचं टेबल सांभाळते, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून जपानी कार्टून बघते. आमच्या लहानपणी ते रविवारी सकाळी हिंदीत लागायचं. एक अंतराळजहाज, ते चालवणारी एक पोरगी, आणि तिचा हरवलेला ग्रह. जहाज इतकं खटारा की दर भागात त्याचं काहीतरी मोडायचं. आम्हाला ते फार आपलं वाटायचं — वसमतहून कुरुंद्याला जाणारी गाडी तरी कुठं वेगळी होती?

मागच्या वर्षी कळलं, की काही चाहत्यांनी मिळून ते पुन्हा उभं करायला घेतलंय. पगार नाही, काही नाही, नुसता छंद. जपानमधून जुनी फिल्म मिळवायची, एकेक चित्र घेऊन त्यावरचे ओरखडे पुसायचे, उडालेले रंग परत आणायचे. चित्रं झाली, पण हिंदी आवाज कोणीच जपला नव्हता. म्हणून लोकांच्या घरी काय रेकॉर्ड झालेलं सापडतंय ते गोळा करत होते. सगळे भाग जमले, शेवटचा सोडून. "कोणाकडे आहे का?" असं तिथं लिहिलं होतं.

माझ्याकडं होता. तीस-पस्तीस वर्षं ट्रंकेच्या तळाशी, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. का गुंडाळून? तिथंच तर यायचंय मला. येते. जरा दमानं येते.

तेव्हा आम्ही वसमतला राहायचो. माझ्या वर्गात ललिता होती, कुरुंद्याच्या बाजूच्या तांड्यावरची. वसमतला मामाकडं राहून शिकायची. गणितात माझ्यापेक्षा कितीतरी पुढं. आमचे अण्णा — माझे वडील — कचेरीत कारकून, आणि सकाळ-संध्याकाळ देवळाचं बघायचे. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला आम्हा दोघींना रविवारी तेच शिकवायचे. आधी कार्टून, मग गणित, असा आमचा करार. ललिता दारातच चपला काढून, पाय धुऊन आत यायची. तिला तसं कोणी सांगितलं होतं का? मला आठवत नाही. आईनं सांगितलं असेल.

कार्टून संपलं की आठवडाभर काय करायचं? म्हणून आम्ही टीव्हीपुढं टेपरेकॉर्डर ठेवून नुसता आवाज रेकॉर्ड करायचो. एकच कॅसेट, दर रविवारी त्याच्यावरच नवा भाग. मग शाळेतून आलं की ऐकत बसायचं, डोळे मिटून. चित्रं आम्हाला पाठच होती.

आता कॅसेटची एक गोष्ट. तिच्या पाठीमागं दोन बारक्या प्लास्टिकच्या पट्ट्या असायच्या, एका बाजूला एक. ती पट्टी मोडली की त्या बाजूवर पुन्हा रेकॉर्ड होत नसे, बटणच दाबलं जात नसे. जपून ठेवायची कॅसेट असली की लोक पट्ट्या मोडून ठेवत. आणि तरीही त्यावर रेकॉर्ड करायचंच असेल, तर खाचेत कागदाचा बोळा कोंबायचा. ही युक्ती ललितानं आणली होती. तिचा मामा गाणी भरून द्यायच्या दुकानात कामाला होता. तिनं ती अण्णांनाही दाखवली होती, आणि अण्णा खूश होऊन म्हणाले होते, "पोरगी लई हुशार हाय."

हे वाक्य लक्षात ठेवा.

घरात एक कॅसेट होती आबांची. आबा म्हणजे माझे आजोबा. श्रावणात देवळात पोथी वाचायचे, तेव्हा अण्णांनी त्यांचा आवाज भरून घेतला होता. पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले. अण्णा रोज सकाळी दाढी करताना ती कॅसेट लावायचे. दोन्ही पट्ट्या त्यांनी स्वतः नेलकटरनं मोडल्या होत्या. आबांचा आवाज तेवढाच. दुसरीकडं कुठंही नव्हता.

शेवटचा भाग होता दुप्पट, तासाभराचा. आदल्याच दिवशी आमची कॅसेट टेपरेकॉर्डरनं खाल्ली. टेप आतल्या चाकांत अशी गुंतली की कात्रीनंच काढावी लागली. रविवारी दुकानं बंद. आई-अण्णा देवळात. सुरू व्हायला दोन मिनिटं. मी आबांची कॅसेट घेतली, पेपरचा तुकडा फाडला, बोळा केला आणि खाचेत कोंबला. मी. माझ्या ह्या हातानं.

चुकून झालं म्हणावं, तर तेही म्हणता येत नाही. अर्ध्या तासानं एक बाजू संपली, तेव्हा मी कॅसेट काढली, उलटवली आणि दुसऱ्या खाचेत दुसरा बोळा कोंबला. एकदा हात घसरतो. दोनदा घसरतो का?

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी तोंडाला साबण लावला आणि बटण दाबलं. आबांच्या जागी जहाजाचा घरघराट सुरू झाला. त्यांनी लगेच बंद केलं. कॅसेट बाहेर काढून मागं बघितलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं विचारलं, "हे कागदं कोणी घातले?"

मी म्हणाले, "ललितानं."

एवढंच. एका शब्दाची गोष्ट आहे माझी. आणि तो शब्द लगेच पटला. युक्ती तिचीच होती, अण्णांना ठाऊकच होतं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मी काहून सांगत होते? तांड्यावरची लेकरं घरात घेऊ नका म्हणून." तुम्हाला खरं सांगते, आई असं म्हणणार, हे मला आधीच माहीत होतं. अकराव्या वर्षी. त्याच्याच भरवशावर तर मी बोलले.

पुढच्या रविवारी ललिता वही घेऊन आली. अण्णा दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, आता येत जाऊ नको." तिनं माझ्याकडं बघितलं. मी रिबीन बांधत होते. बांधलेलीच रिबीन सोडून पुन्हा बांधत होते. ती वळली. वही छातीशी धरून गेली. पाय धुवायला तिनं तांब्या उचलला होता, तो पायरीवरच राहिला.

शिष्यवृत्ती मला मिळाली. ती परीक्षेला बसलीच नाही. दोन वर्षांनी शाळा सुटली तिची, मग लग्न. हे सगळं माझ्यामुळं झालं का? नाही सांगता येत. पण जे माझ्यामुळं झालं, ते मला बराबर माहीत आहे.

थांबा, संपलं नाही. अण्णा म्हणाले होते, फेकून दे ती कॅसेट. मी फेकली नाही. आठवड्यानं घरी कोणी नव्हतं तेव्हा लावून ऐकली. दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला कार्टून नव्हतंच. आमच्या खोलीतला आवाज होता. ललिता म्हणत होती, "मंजे, आबाची हाय नं गं ही? नको करू. अण्णा रोज ऐकतेत." आणि मी, "तू गप. कोणाला काय कळतंय?"

त्या बाजूच्या अगदी शेवटी, कार्टून संपल्यावर, आबा होते. चार मिनिटं. पुसायचे राहून गेलेले.

कळलं ना तुम्हाला? अण्णांना आबांची ती चार मिनिटं द्यायची, तर कॅसेट द्यावी लागणार. आणि कॅसेट दिली, की त्याच बाजूला आधी ललिता बोलणार. म्हणून मी ती लुगड्यात गुंडाळली. अण्णा त्यानंतर चोवीस वर्षं जगले. शेवटी शेवटी माझ्याकडंच राहायचे, तेव्हा म्हणायचे, "आबांचा आवाज आता नीट आठवत न्हाई बघ मंजू." आणि मी त्यांना चहा करून द्यायची. ट्रंक त्याच खोलीत होती. त्यांच्या खाटेखाली.

तर ती कॅसेट मी पाठवली. चाहत्यांमधला आवाज साफ करणारा एक तरुण मुलगा आहे, दूरच्या शहरातला. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. म्हणाला, ताई, मध्ये दोन मुली बोलतात, फार गोड आहे, ठेवू का? लोकांना आवडतं असलं. मी म्हणाले, काढून टाक. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं. मी दुसऱ्यांदा सांगितलं. लहान होते म्हणता ना? ह्या वेळी मी पंचेचाळीसची होते.

गेल्या महिन्यात तो भाग आला. काय सांगू, असा स्वच्छ! जहाजावरचा गंजसुद्धा वेगळा दिसतो. आधी आमच्या टीव्हीवर सगळंच राखाडी होतं. त्या पोरीला शेवटी तिचा ग्रह सापडतो आणि तिथं कोणीच नसतं. शेवटी आभाराच्या यादीत माझं नाव आहे.

ललिताचं आखाडा बाळापूरला शिलाईचं दुकान आहे. लेक नांदेडला शिकते, म्हणून मी त्या रस्त्यानं नेहमी जाते. तीन वर्षं बसच्या खिडकीतून ते दुकान बघतेय. परवा उतरले. पिशवीत ब्लाऊजपीस होता — काहीतरी कारण हवंच ना हातात.

तिनं मला लगेच ओळखलं. "आगं मंजे!" म्हणाली. ब्लाऊजपीस घेऊन बाजूला ठेवला, चहा मागवला. अण्णा गेले म्हटल्यावर मशीनवरचा हात थांबला तिचा. म्हणाली, "लई चांगलं शिकवायचे. माझ्या पोराला गणित मीच शिकवलं, त्यांच्यासारखंच." मला वाटलं, आता बोलावं. तोंड उघडलं, आणि त्या तोंडानं काय म्हणाले? "आपलं ते कार्टून आलंय, बघतीस का?"

तिनं चष्मा लावला. मशीनवर फोन टेकवून आम्ही शेवटचा भाग बघितला, अगदी सुरुवातीपासून. गिऱ्हाईक आलं तर ती म्हणाली, "थांबा वो जरा, काम चालू हाय." जहाजावरचं कोण कसं बोलतं हे तिला अजून पाठ होतं. हसत होती. आणि मग बरोबर त्या जागी, जिथं आवाज सांधलाय तिथं, तिनं बोट वर केलं.

"इथं आपण कॅसेट उलटवली होती. मी काहीतरी बोलले होते बघ इथं. काय बोलले होते गं?"

ती खरंच विचारत होती का? की तिला माहीत होतं आणि मला एक संधी देत होती? मला कळलं नाही. तिचं ते वाक्य माझ्या फोनमध्ये होतं. आवाज साफ करणाऱ्या त्या मुलानं कापलेला तुकडा वेगळा पाठवून दिला होता. एक बोट लावायचा अवकाश.

मी म्हणाले, "न्हाई बाई. मला न्हाई आठवत."

"व्हय?" म्हणाली ललिता. भाग शेवटपर्यंत बघितला. मग चष्मा काढला, गळ्यातला टेप हातात घेतला आणि म्हणाली, "हात लांब कर." मी हात लांब केला. तिनं माझी बाही मोजली.